सत्तेचाळीस लिहिताना: तीन शिक्षकांनी मिळून घेतलेल्या पाठाचा प्रकरण अभ्यास

शिक्षण परिषदेत पाठ झाला की बघणाऱ्यांनी अभिप्रायाची चिठ्ठी द्यायची, असा आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, रिवाज होता. त्या दिवशी १४ चिठ्ठ्या आल्या. घरी जाऊन चहा घेत वाचायला बसलो. ११ चिठ्ठ्यांवर 'फलकलेखन सुंदर' असं लिहिलेलं होतं. बाईंनी फळ्यावर तारीख, वार आणि पट यापलीकडे एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. सगळा पाठ त्यांनी वर्गाच्या मधोमध जमिनीवर काड्यांचे गठ्ठे मांडून घेतला होता. उरलेल्यांपैकी दोन चिठ्ठ्यांवर 'शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर' होतं आणि एकीवर नुसतं 'छान'.

हसू आलं आणि मागोमाग लाजही वाटली, कारण चिठ्ठीचा नमुना माझाच होता. 'पाठातील चांगल्या बाबी' आणि 'सुधारणेस वाव' असे दोन रकाने मी आखून दिले होते. पहिल्यात डी.एड.च्या सराव पाठांपासून तोंडात बसलेले शब्द उतरले होते. दुसरा रकाना चौदाही जणांनी कोरा सोडला होता. ही माणसं आळशी नव्हेत, त्यातली निम्मी तरी उत्तम शिकवतात. पण पाठ घेणाऱ्या बाई पुढच्या महिन्यात आपला पाठ बघायला येणार, आणि चिठ्ठ्या गोळा करणारा केंद्रप्रमुख, म्हणजे मीच, ज्याचा शेरा वर जातो. अशा खोलीत 'सुधारणेस वाव' कोण लिहील?

त्यानंतरच्या वर्षभरात तीन शिक्षकांसोबत जे घडलं ते इथं मांडतो. यात माझी चूक बरीच आहे, ती जागच्या जागी येईलच.

केंद्र आणि माणसं

पश्चिम घाटाच्या उतारावरचं, भातशेतीचं केंद्र. १२ शाळा, त्यातल्या ८ द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्यानं साठ पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार वर्ग दोघांत, आणि एक जण तालुक्याला बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत. केंद्रप्रमुखाच्या जागा बऱ्याच ठिकाणी रिकाम्या, त्यामुळं माझ्याकडेही शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त पदभार.

शिक्षण परिषद महिन्यातून एकदा. कागदावर ती अध्यापनाच्या चर्चेसाठी असते. प्रत्यक्षात परिपत्रकं, लिंका आणि 'आजच्या आज माहिती भरा' यातच जेवणाची वेळ होते. जेवणानंतर आदर्श पाठ. आदर्श पाठाला मुलंही आदर्शच लागतात. यजमान शाळा चुणचुणीत पंधरा मुलं पुढं बसवते, पाठ आधी दोनदा झालेला असतो, आणि प्रश्न पूर्ण व्हायच्या आत सगळे हात वर.

या प्रकरणात तीन जण आहेत. दुसरीच्या मॅडम, बारा वर्षांची नोकरी, कामाला वाघ, पण बोललेलं मनाला लावून घेणाऱ्या. शेजारच्या वाडीच्या शाळेतले गुरुजी, नोकरीची तिशी उलटलेली, पंचक्रोशीतल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आणि तिसऱ्या शाळेतले तरुण सर, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेले शिक्षण सेवक (अजून मानधनावरचे, नोकरी कायम व्हायची), सोळा हजार मानधनातले पाच हजार खोलीभाड्याला घालवणारे. तिघांच्या शाळा चार किलोमीटरच्या आत, आणि तिघांकडे पहिली-दुसरी एकत्र.

विषय मॅडमनी काढला. "साहेब, म्हणायला लावलं तर शंभरपर्यंत घडाघडा. संख्यांचं श्रुतलेखन घातलं की उलटंपालटं. सत्तेचाळीस म्हटलं की निम्मी मुलं ७४ लिहितात." गुरुजींनी मान डोलावली, सरांनीही. तिघांची दुखरी जागा एकच निघाली. म्हटलं, मिळून एक पाठ करू.

पहिला पाठ आणि माझी वही

मिळून म्हणजे काय, ते तेव्हा माझ्याही डोक्यात नव्हतं. टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, मॅडमनी एकट्यांनी काढलं, पाठ त्यांनीच घेतला, आणि आम्ही तिघं मागच्या भिंतीला खुर्च्या टेकून बसलो. मागून मुलांच्या माना दिसतात आणि शिक्षकाचा चेहरा. माणूस जे दिसतं त्यावरच बोलतो.

पाठ संपल्यावर मुलं खेळायला सोडली आणि चहा आला. सर म्हणाले, "मॅडमचा आवाज छान आहे." गुरुजींनी मात्र सरळ हात घातला. "बाई, तुम्ही वाटच बघत नाही. पोरगं तोंड उघडायच्या आत उत्तर सांगून तुम्ही मोकळ्या." हे शंभर टक्के खरं होतं. मॅडम म्हणाल्या, "हो गुरुजी, बरोबर आहे," आणि त्यांनी वही मिटली. पुढच्या अर्ध्या तासात त्या फक्त 'हो' म्हणत होत्या.

माझी वही मात्र टेबलावर उघडी पडली होती. त्यात मी सवयीनं लिहिलं होतं, 'वर्गनियंत्रणाकडे अधिक लक्ष द्यावे.' कप उचलताना मॅडमनी ते उलट्या बाजूनं वाचलं. संध्याकाळी फोन आला. "साहेब, तुम्ही पाठ म्हणाला होतात. तपासणी आहे हे आधी सांगितलं असतं, तर टाचण तरी नीट लिहिलं असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुरुजींचा अभिप्राय अचूक होता आणि त्याचा उपयोग शून्य झाला होता. सरांचा अभिप्राय गोड होता, त्याचाही शून्य. माझा तर अभिप्रायच नव्हता, शेरेबुकातली ओळ होती. गेली दहा वर्षं वेगवेगळ्या शाळांत लिहिलेली.

दोन ठिकाणची शिदोरी

त्या आठवड्यात जुनी टिपणं चाळली. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८० च्या दशकात शिक्षकांनी शिक्षकांना साथ देण्याची पद्धत मांडली. प्रशिक्षणात ऐकलेलं वर्गापर्यंत पोचत नाही, सोबत काम करणारा शिक्षक असेल तर पोचतं, हे त्यांचं मूळ म्हणणं. ते ठाऊक होतं. विसरलो होतो ते पुढचं. १९९६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आता या पद्धतीतून तोंडी अभिप्राय आम्ही काढून टाकला आहे. अभिप्राय द्यायला बसले की शिक्षक नकळत साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसतात आणि एकत्र काम विस्कटतं. अभिप्राय वगळल्यावरही शिकलेलं वर्गात उतरण्यात काही घट झाली नाही. पाठ घेणारा हा शिकवणारा आणि बघायला आलेला हा शिकणारा, अशी उलटी मांडणी त्यांनी केली. आमच्या खोलीत नेमकं याच्या विरुद्ध झालं होतं. बघायला आलेले तिघंही शिकवायला बसलो होतो.

दुसरी गोष्ट जपानची. तिथल्या प्राथमिक शाळांत शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात, मग पाठ दुरुस्त होतो. 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात त्याला. १९९९ च्या सुमारास अमेरिकी अभ्यासकांनी लिहिल्यावर त्याचा जगभर बोलबाला झाला, पण जपानात ती रीत फार जुनी आहे. त्यातली एकच गोष्ट मला उचलाविशी वाटली. त्यांच्या टाचणात एक रकाना असतो: या प्रश्नाला मुलं काय काय उत्तरं देतील. आपल्या टाचणात शिक्षककृती असते आणि विद्यार्थीकृतीही असते, पण विद्यार्थीकृतीत आपण काय लिहितो? 'विद्यार्थी उत्तरे देतात.' कोणती उत्तरं, ते लिहायची पद्धतच नाही.

मॅडमच्या घरी जाऊन माफी मागितली. ते अवघड गेलं, पण त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तिघं पुन्हा बसायला तयार झाले. मॅडमची अट एकच: "साहेब, तुमची वही बॅगेत."

रकाना भरताना

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर साडेअकरा ते दीड, असे दोन शनिवार. टाचण एकच, तिघांच्या अक्षरात. कडेला नवा रकाना: 'मूल काय लिहील?' मला वाटलं होतं, वीस मिनिटांत भरेल. पहिला शनिवार त्यातच गेला.

सत्तेचाळीस ऐकून मूल ७४ का लिहितं? गुरुजी म्हणाले, "पाठांतर नाही." सर म्हणाले, "दशकाची संकल्पनाच कच्ची." मॅडम म्हणाल्या, "दशक कच्चा असता तर काड्यांनी पण चुकलं असतं. चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या बरोबर मांडतात की." तिथून गाडी मराठी संख्यानामांवर गेली, आणि तिथं गुरुजी पेटले. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत गेलं ते प्रकरण. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा कारण सांगितलं होतं: मराठीत एकक आधी उच्चारतो आणि दशक आधी लिहितो, त्यात मूल अडकतं. दाक्षिणात्य भाषांत दशक आधी येतो, तिथं ही अडचण नाही. गुरुजी तेव्हाही विरोधात होते, आजही आहेत. "आम्ही नाही शिकलो? सत्तेचाळीसला सत्तेचाळीसच म्हणायचं." सर म्हणाले, "गुरुजी, जर्मन भाषेतही एकक आधी म्हणतात. तिथल्या मुलांचीही हीच रड आहे." गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "मग त्यांनी काय केलं?" सरांना ते ठाऊक नव्हतं. हशा झाला.

पण त्या वादातून रकाना भरत गेला. सत्तेचाळीस: ७४. त्रेसष्ट: ३६, किंवा नुसते ६०, कारण 'त्रे' म्हणजे तीन हे ऐकूच येत नाही. बाहत्तर: २ लिहून थांबेल, कारण 'हत्तर'मध्ये सात कुठं आहे? सत्तरमध्ये निदान 'सत्' ऐकू येतं. चोपन्न: ४ नंतर काहीही. आणि एकोणचाळीस? इथं तिघांचं एकमत झालं की मूल ४९ लिहील. चाळीस ऐकू आलं म्हणून चार, आणि 'एकोण'वाल्या संख्येच्या शेवटी नऊ असतात हे पाठ आहे म्हणून नऊ. चुकलं, पण बिनडोकपणे नाही.

हे बोलताना गुरुजींचा सूर बदललेला मी ऐकला. तासाभरापूर्वी 'पाठांतर नाही' म्हणणारा माणूस आता मुलाच्या बाजूनं ४९ चं वकीलपत्र घेऊन बसला होता.

खिडकीजवळची मुलगी

पाठ कोण घेणार हे त्याच सकाळी चिठ्ठी टाकून ठरवायचं होतं. पाठ तिघांचा, मग उभं कुणी का राहीना. चिठ्ठी मॅडमच्याच नावाची निघाली. त्या हसल्या, त्यामुळं मला धीर आला. गुरुजी आणि सर खुर्च्या सोडून मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले. प्रत्येकानं दोनच मुलं बघायची. लिहायचं तेही फक्त मूल काय बोललं, काय लिहिलं, काय पुसलं. 'समजलं', 'गोंधळलं', 'लक्ष नव्हतं' असले शब्द बाद. आणि मी? पहिलीची नऊ मुलं घेऊन बाहेर ओट्यावर चिंचोके मोजत बसलो. बदली शिक्षकाचा प्रश्न सुटला आणि वर्गातून साहेबही बाहेर पडला. एका दगडात दोन पक्षी. हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्यामुळं वर्गात काय झालं ते मी नंतर, सरांच्या कागदावरून आणि त्यांच्या हातवाऱ्यांवरून पाहिलं. त्यांच्या शेजारी खिडकीजवळची मुलगी होती. वर्गातली 'बरोबर येणारी' मुलगी. सरांनी लिहिलं होतं:

"सत्तेचाळीस. ओठ हलले. पाटीच्या मध्यावर ७. मग त्याच्या डावीकडे ४. शेजारच्यानं बघितलं. त्यानं पण ७ लिहिला. मग ४ उजवीकडे. पुसलं नाही."

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. सरांनी पाटी घेतली आणि करून दाखवलं. आधी सात, मग डाव्या बाजूला चार. ४७. पुन्हा तेच केलं, या वेळी चार उजव्या बाजूला. ७४. दोन्ही मुलांनी ऐकलं तेच, आणि लिहिण्याचा क्रमही तोच. मुलीला चारचं घर सातच्या डावीकडे आहे हे ठाऊक होतं. मुलानं आपण वाचतो-लिहितो तसं डावीकडून उजवीकडे लिहिलं. समोरून बघणाऱ्याला एक मूल हुशार आणि एक कच्चं दिसतं. शेजारी बसून बघितलं तर दोघांत जेमतेम एका बोटाचं अंतर होतं.

मॅडम पाटीकडे बघत राहिल्या. "हिचं तर नेहमी बरोबर असतं. ती असं लिहिते?"

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस वर्षं मी ४७ दिसलं की बरोबरची खूण केली. हात कुठून कुठं गेला ते कधी बघितलंच नाही." पुढं त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. खिशातून पेन काढून सरांना म्हणाले, "एक मोबाईल नंबर सांगा. जोडीजोडीनं." सर सांगू लागले: अठ्ठ्याण्णव, त्र्याऐंशी, सदुसष्ट... गुरुजींचं पेन प्रत्येक जोडीला कागदाच्या वर अधांतरी थांबत होतं. 'त्र्याऐंशी'मधलं 'ऐंशी' कानावर पडेपर्यंत हात खाली येत नव्हता. "बघा," ते म्हणाले, "मी पण शेवट ऐकल्याशिवाय लिहीत नाही. पोराला हे कुणी सांगितलंय?"

सरांच्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती, ती त्यांनी वाचली नव्हती. बहुधा धीर झाला नव्हता. मॅडमनीच कागद ओढून वाचली: "मुलगी ४ काढत होती तेव्हा त्रेसष्ट आलं. तिनं ४ अर्धा सोडला. त्रेसष्ट लिहिलंच नाही."

खोली शांत. मग मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मी थांबतच नाही."

महिन्यापूर्वी गुरुजी हेच म्हणाले होते, तेव्हा वही मिटली गेली होती. आज तेच वाक्य मॅडमच्या स्वतःच्या तोंडून आलं, आणि वही उघडून त्यांनी ते लिहूनही घेतलं. गुरुजींनी 'मी म्हटलंच होतं' म्हणण्याचा मोह टाळला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेल्या मोठ्या कामांत मी हे धरतो. सगळी चर्चा चाळीस मिनिटं चालली आणि फलकलेखनाचा विषय निघाला नाही.

"गुरुजी, मी जरा मणीमाळ धरू?"

आठ दिवसांनी दुरुस्त केलेला पाठ गुरुजींच्या शाळेत. बदल दोनच. संख्येचा शब्द पूर्ण होईपर्यंत पाटीवरची पेन्सिल उचलायची नाही. आणि लिहिण्याआधी मुलांनी दशकाच्या कार्डावर एककाचं कार्ड ठेवायचं, ४० च्या शून्यावर ७. या वेळी मीही मांडी घालून बसलो, दोन मुलांच्या मध्ये, कोऱ्या कागदासह. गुडघे दुखले, आणि कळलं की मुलांच्या उंचीवरून फळ्याचा खालचा भाग पुढच्याच्या डोक्यामुळं दिसत नाही. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

गुरुजींनी छान लय पकडली. सत्तेचाळीस झालं, बाहत्तर झालं. मुलं शब्द संपेपर्यंत पेन्सिलीवर हात दाबून धरत होती, जणू ती उडून जाणार आहे. मग आलं एकोणचाळीस, आणि पाठ तिथं अडला. माझ्या डावीकडच्या मुलानं ४० चं कार्ड घेतलं, त्यावर ९ ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसला. ४९. जवळपास सगळ्यांचं तेच. आम्हाला हे आधीच माहीत होतं, रकान्यात लिहिलेलं होतं. पण पुढं काय करायचं ते तिघांनीही लिहिलं नव्हतं. गुरुजी एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, मग आवाज थोडा चढला. "अरे एकोण! एकोण म्हणजे काय?" मुलं एकमेकांकडे बघू लागली.

मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या अर्धवट उठल्या. "गुरुजी, मी जरा मणीमाळ धरू?"

असं बोलणं ठरलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या वर्गात, त्याच्या मुलांसमोर, पाठ चालू असताना उभं राहणं आपल्याकडे बसत नाही. गुरुजींनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "धरा बाई."

शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे अशी. मॅडमनी एक टोक धरलं, दुसरं गुरुजींनी. मुलांनी मोजत चाळिसाव्या मण्याला चिमटा लावला. गुरुजी म्हणाले, "हे झालं चाळीस. आता एक उणा करा." एका मुलीनं चिमटा एक मणी मागं सरकवला. "एक उणा चाळीस," गुरुजी हळू म्हणाले, "एकुणा चाळीस... एकोणचाळीस." माझ्या शेजारचा मुलगा मोठ्यानं ओरडला, "म्हंजी चाळीस व्हायला एक पायजे!" त्यानं ४० चं कार्ड उचललं, कोड्यात पडून ते हातात धरून बसला, आणि मग खाली ठेवून ३० चं घेतलं.

पुढची पंधरा मिनिटं पाठ दोघांनी घेतला. मॅडम माळ सरकवत होत्या, गुरुजी शब्द फोडत होते. एकोणपन्नास, एकोणसाठ. एक जण विचारून बसला, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही? गुरुजी म्हणाले, "ते मलाही कोडंच आहे. तू मोठा झालास की शोध आणि मला सांग."

सहअध्यापन या शब्दावर मी प्रशिक्षणांत बरंच बोललो आहे. ते मला पहिल्यांदा दिसलं ते त्या माळेच्या दोन टोकांना.

काय टिकलं, काय नाही

शिकण्यात किती फरक पडला, असं विचारणाऱ्याला मी आकडा देत नाही. तीन वर्ग, मुठीत मावतील इतकी मुलं. वर्षअखेरीस उलट्या संख्या कमी झाल्या होत्या, पण त्यातल्या काही एरवीही झाल्या असत्या, मूल वाढतंच. शिक्षकांत काय बदललं ते मात्र सांगू शकतो. तिघांनी त्या वर्षी आणखी तीन पाठ असे केले: हातच्याची वजाबाकी, जोडाक्षरं आणि घड्याळ. भात आवणीच्या आठवड्यात मुलंच नसायची, तेव्हा टाचणं झाली.

केंद्रात इतरत्र पसरवायला गेलो तिथं मार खाल्ला. एका शाळेतल्या दोघांचं पोषण आहाराच्या हिशेबावरून आधीच बिनसलेलं होतं. त्यांना मुलांशेजारी बसवून काही होणार नव्हतं, आणि झालंही नाही. दुसऱ्या ठिकाणी 'मूल काय लिहील?' हा रकाना सुंदर अक्षरात भरलेला मिळाला. आमच्याच तिघांच्या टाचणावरून जसाच्या तसा उतरवलेला, ७४ सकट. त्यांचा पाठ बेरजेचा होता.

सगळ्यात मोठी गफलत पुन्हा माझीच. उपक्रमाचा अहवाल वरून मागवला गेला, दोन फोटोंसह. सोपं जावं म्हणून मी निरीक्षणाचा एक छापील नमुना काढला. शेवटी जागा उरली होती, ती मोकळी दिसू नये म्हणून 'इतर अभिप्राय' असा रकाना घातला. पुढच्या परिषदेत बारापैकी सात नमुन्यांवर तिथं काय होतं ते सांगायला नको. फळा पुन्हा सुंदर झाला होता. नमुना बंद केला, आता कोरा कागद देतो.

वेळेचा प्रश्न तसाच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत. मोबाईलवर कोर्स पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळतं आणि ते तास दाखवता येतात. दोन शनिवार बसून एका रकान्यावर वाद घातला त्याचं प्रमाणपत्र नाही. तरुण सरांना सेवा नियमित होण्याआधी प्रमाणपत्रांची काळजी आहे, ती मी समजू शकतो. ते तरी येतात. द्विशिक्षकी शाळेतून एक जण बाहेर काढायचा तर मागं कुणीतरी चार वर्ग सांभाळतो. दर वेळी तो 'कुणीतरी' मी होऊ शकत नाही, दोन केंद्रांचा भार असताना तर नाहीच.

एक वाद अजून मिटलेला नाही. खिडकीजवळची मुलगी आता तिसरीत आहे. तिचा हात अजूनही उजवीकडून डावीकडे जातो. गुरुजींचं म्हणणं, ही सवय मोडा, तीन अंकी संख्येला फसेल. मॅडम म्हणतात, ती ऐकते त्या क्रमानं लिहिते आणि बरोबर लिहिते, तिच्या हाताला हात लावायचा नाही. परवा तिघं मिळून तिच्या शेजारी बसले आणि सरांनी संख्या सांगितली: एकशे सत्तेचाळीस. तिनं १ लिहिला. त्याच्या उजवीकडे डाव्या हाताचं बोट पाटीवर ठेवलं. बोटाच्या पलीकडे ७ लिहिला. मग बोट उचललं आणि त्या रिकाम्या जागेत ४ भरला. पलीकडच्या रांगेतला मुलगा, तोच पूर्वी ७४ लिहिणारा, पाटीवर बोट ठेवून बसला होता.

"आता बोला," मॅडम म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, "हजार येऊ द्या, मग बघू."